कोर्टात गुन्हा कबूल केल्यावर गांजाच्या केसमध्ये अपील करता येतं का? (लहान भाऊ, कलम २० आणि २९)

अनेरकाठची

नमस्कार. लहान भावासाठी विचारते आहे. आमच्या घरात कोर्टकचेरी कुणी पाहिलेली नाही. मी बारावी झालेली, गावात आशाताई म्हणून काम करते, त्यामुळे कागद वाचायचं सगळं माझ्यावर आलंय.

भाऊ सव्वीस वर्षांचा. दुसऱ्याच्या पिकअपवर ड्रायव्हर. इकडून केळी भरून मध्य प्रदेशात उतरवायची आणि येताना मिळेल ते परतीचं भाडं घ्यायचं, हे त्याचं काम. नोव्हेंबर २०२३ मध्ये येताना एका ढाब्यावर तोंडओळखीच्या माणसाने दोन पोती गाडीत टाकायला लावली. ती रिकाम्या क्रेटखाली ठेवली. पुढे त्या माणसाची कार, मागे भावाची गाडी. रात्री पोलिसांनी दोन्ही गाड्या अडवल्या. पोत्यांत गांजा निघाला, पंचनाम्यात १४ किलो ३०० ग्रॅम लिहिलाय. भाऊ आरोपी क्रमांक एक, कारमधले दोघं दोन आणि तीन. एनडीपीएस म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्याची कलमं ८(क), २०(ब)(२)(ब) आणि २९. एकोणतीस म्हणजे कट केला, असं मला सांगितलं. कटाचा पुरावा काय, तर त्या माणसाचे आणि भावाचे फोन.

जिल्हा, पोलीस स्टेशन, नावं मुद्दाम लिहीत नाही. बाकीच्या दोघांची केस अजून चालू आहे.

भाड्याबद्दल खरं ते सांगते. नेहमीपेक्षा जास्त पैसे कबूल झाले होते आणि पोत्यांत काय आहे हे त्याने विचारलं नाही. हे त्यानेच मला मुलाखतीत सांगितलं.

वकील गाडीमालकाने लावून दिला होता. मालकाला गाडी सोडवायची घाई, ती सुटली. भाऊ सुटला नाही, जामिनासाठी जामीनदारच मिळाला नाही. सव्वा वर्ष आत काढल्यावर यंदा जानेवारीत, संक्रांतीच्या आठवड्यात, त्याला कोर्टात नेलं आणि त्याने गुन्हा कबूल केला. त्याच दिवशी शिक्षा लागली. दोन्ही कलमांखाली पाच-पाच वर्षं सक्तमजुरी, एकत्र भोगायची, आणि प्रत्येकी पंचवीस हजार दंड. दंड न भरल्यास प्रत्येकी सहा महिने.

आम्हाला फोन आला तेव्हा माय कापूस वेचत होती. मी दुसऱ्या आठवड्यात भेटायला गेले. तो एवढंच बोलला, "आक्का, माले काहीच समजनं नही. वकील बोलना, हा म्हनी दे, जेवढं भोगं तेवढ्यावर सुटी जाशी."

आता तो वकील फोन उचलत नाही. गावातले म्हणतात, कबूल केलं म्हणजे विषय संपला, अपील होत नाही. खरंच होत नाही का? मार्च उजाडलाय, मुदत असते म्हणे. आणि त्या दोघांनी गुन्हा नाकारलाय. उद्या ते निर्दोष सुटले तर कट एकट्या माझ्या भावाने केला, असं होणार का?

---

विधी_तृतीय_वर्ष

ताई, वाईट वाटलं वाचून. पण हे प्ली बार्गेनिंग, म्हणजे कमी शिक्षेच्या बदल्यात कबुलीचा सौदा, झालेलं दिसतंय. त्यात दिलेला निकाल अंतिम असतो, अपील नाही. फक्त सुप्रीम कोर्टात विशेष अनुमती याचिका किंवा हायकोर्टात रिट.

---

ॲडव्होकेट_गिरणाकाठ

वरच्या उत्तरावर विसंबू नका. प्ली बार्गेनिंग हा वेगळा प्रकार आहे. त्यासाठी आरोपीने स्वतः लेखी अर्ज करायचा असतो, सोबत प्रतिज्ञापत्र लागतं, न्यायाधीश आरोपीला एकट्याला बोलावून विचारतात. आणि सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला ते लागूच होत नाही. गांजा एक किलोपेक्षा जास्त पण वीस किलोपेक्षा कमी असेल तर शिक्षा दहा वर्षांपर्यंत आहे. म्हणजे तुमच्या भावाच्या केसमध्ये प्ली बार्गेनिंग होऊच शकत नव्हतं. झालंय ते साधं कबुलीवरून दोषी ठरवणं, फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २२९. केस जुलै २०२४ च्या आधी दाखल झालेली, म्हणून खटल्याला जुनी संहिता. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हेच कलम २५२ आहे.

आता मूळ प्रश्न. कलम ३७५, नव्या कायद्यात ४१६. त्यात म्हटलंय की सत्र न्यायालयात आरोपीने गुन्हा कबूल केला आणि त्या कबुलीवरून तो दोषी ठरला, तर अपील नाही. शिक्षा किती दिली आणि ती कायदेशीर आहे का, एवढ्यापुरतं मात्र आहे. गावातल्या लोकांनी या वाक्याचा अर्धाच भाग ऐकलाय. शिक्षा कमी करा, हे मागायला दार उघडं आहे, आणि ते मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही जिल्हे त्याच खंडपीठाखाली येतात.

दुसरा रस्ता अवघड, पण आहे. कलम ३७५ लागू व्हायला मुळात खरी कबुली असावी लागते. दोषारोप वाचून, समजावून सांगितलेला, आरोपीला आपण काय कबूल करतोय हे कळलेलं, उत्तर स्वतःच्या मनाने आणि स्पष्ट दिलेलं. ते तसं नसेल तर तिला कायद्याच्या अर्थाने कबुलीच म्हणता येत नाही, असं हायकोर्टात मांडता येतं. आमिष दाखवून घेतलेल्या कबुलीबद्दल सुप्रीम कोर्टाचे जुने निकाल आहेत. कासमभाई अब्दुलरहमानभाई शेख विरुद्ध गुजरात (१९८०) आणि थिप्पेस्वामी विरुद्ध कर्नाटक (१९८३). थिप्पेस्वामीमध्ये कोर्टाने म्हटलं की हलक्या शिक्षेच्या आशेवर कबूल करायला लावायचं आणि मग वरच्या कोर्टाने शिक्षा वाढवायची, हे घटनेच्या कलम २१ च्या, म्हणजे जीवित आणि स्वातंत्र्याच्या हक्काच्या, विरुद्ध आहे.

पण ताई, या निकालांवर लगेच मोठी आशा बांधू नका. तिथे सौदा खटल्याच्या यंत्रणेतच झालेला होता. तुमच्या भावाला आमिष दाखवलं ते त्याच्याच वकिलाने. सरकारी वकील हा फरक पहिल्याच मिनिटाला दाखवतील. शिवाय भाऊ अहिराणी बोलतो म्हणून मराठी दोषारोप समजला नाही, असं लिहायचा मोह कुणाला झाला तर थांबवा. शाळेत मराठीत शिकलेल्या माणसाबद्दल हे टिकत नाही, आणि एक मुद्दा खोटा वाटला की बाकीचे खरे मुद्देही कमजोर पडतात.

तिसरी गोष्ट कटाची. कट एकट्याने होत नाही, किमान दोन माणसं लागतात. ज्यांच्यासोबत कट केला असा आरोप आहे ते सगळे सुटले तर उरलेल्या एकाला कटासाठी दोषी ठरवता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९५५ मध्ये टोपनदास विरुद्ध मुंबई राज्य या प्रकरणातच सांगितलंय. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. ते दोघं का सुटतात यावर बरंच अवलंबून राहील. आणि कलम २९ उडालं तरी कलम २० शिल्लक राहतं, कारण पोती भावाच्या गाडीत सापडली. त्या कलमाखालीही पाचच वर्षं आहेत. म्हणून कटाच्या मुद्द्यावर सगळा जोर लावून बसू नका, आणि त्या दोघांच्या निकालाची वाट पाहत तर अजिबात थांबू नका.

मुदत साठ दिवस. शिक्षेच्या तारखेपासून. नक्कल मिळायला जो वेळ लागतो तो त्यातून वजा होतो. उशीर झालाच तर तो माफ करावा असा अर्ज करता येतो आणि तुरुंगातल्या माणसाच्या बाबतीत कोर्टं सहसा ताठर राहत नाहीत, पण त्या भरवशावर राहू नका.

आधी कागद आणा. कागद पाहिल्याशिवाय याहून जास्त सांगणं म्हणजे तुमच्या भावाच्या आयुष्यावर अंदाज बांधणं होईल.

---

जुना_शिरस्तेदार

वकील साहेबांनी कायदा सांगितला, मी कागदाचं सांगतो. फौजदारी कोर्टात नोकरी गेली माझी.

बेटा, निकालाची एक प्रत आरोपीला फुकट द्यावी लागते, शिक्षा झाल्याबरोबर. ती भावाकडे तुरुंगात असेल, नसेल तर तुरुंगाधिकाऱ्याला विचार. पण नुसत्या निकालावर काम भागत नाही. कबुलीच्या केसमध्ये निकाल दोन-तीन पानांचा असतो, त्यात काही सापडत नाही. सगळं सापडतं ते रोजनाम्यात. त्या दिवशी कोण हजर होतं, वकील होता का, दोषारोप कधी ठेवला, कबुली कधी घेतली, दोन्हींत थोडा तरी वेळ गेला का, हे रोजनामा सांगतो. म्हणून नक्कल विभागात अर्ज कर आणि त्यात स्पष्ट लिही: संपूर्ण रोजनामा, दोषारोपाची निशाणी (म्हणजे कोर्टाने नंबर टाकलेला कागद), आरोपीच्या जबाबाची निशाणी, शिक्षेच्या मुद्द्यावर आरोपीचं म्हणणं नोंदवलं असेल तर ते, निकालपत्र. नुसतं "केसची नक्कल" असं लिहिलंस तर क्लार्क परत पाठवेल आणि तुझा आठवडा जाईल. अर्ज दिल्याची तारीख आणि नक्कल तयार झाल्याची तारीख नकलेच्या मागच्या शिक्क्यावर असते. साठ दिवसांचा हिशोब त्या शिक्क्यावरच होणार आहे, म्हणून अर्ज सोमवारीच दे.

अजून एक. शिक्षेचं वॉरंट तुरुंगात गेलेलं असतं. त्यावर आधी भोगलेली मुदत वजा केल्याचं लिहिलंय का ते पाहा. कलम ४२८ प्रमाणे ती वजा होते. सव्वा वर्ष म्हणजे थोडंथोडकं नाही. वॉरंटात ते राहून गेलं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या. त्याला हायकोर्ट लागत नाही, शिक्षा दिलेल्या कोर्टात अर्ज केला की होतं.

कबूल केलं म्हणजे न्यायाधीशाचे हात बांधले, असंही नसतं. कबुलीच्या कलम २२९ मध्ये "दोषी ठरवू शकेल" असं आहे, "ठरवलंच पाहिजे" असं नाही. कसाबने जुलै २००९ मध्ये भर कोर्टात गुन्हा कबूल केला, तरी न्यायाधीश ताहिलियानी यांनी खटला थांबवला नाही, साक्षीपुरावे घेतले, आणि मगच निकाल दिला. सरकारी वकील आपले जळगावचे उज्ज्वल निकम होते. सगळ्या महाराष्ट्राने तो खटला पाहिला. एवढ्या मोठ्या गुन्ह्यात हा सावधपणा दाखवता येतो, तर पिकअपवरच्या पोराच्या केसमध्येही न्यायाधीशाने दोन प्रश्न जास्त विचारायला हरकत नसते. मी चांगले न्यायाधीश पाहिले आहेत, ते विचारायचे. "कबूल केलंस तर किती वर्षं होऊ शकतात माहीत आहे का? कुणी काही सांगितलं का? विचार करायला वेळ पाहिजे का?" आरोपी गडबडला की पुढची तारीख द्यायचे.

---

सातपुड्याची_सून

ताई, मी अक्राणी भागातली. आमच्या सासऱ्यांचं असंच झालं होतं. शेतात कापसाच्या ओळींत गांजाची झाडं सापडली. सासरे पावरी बोलतात, मराठी तोडकं. आधीच्या एका केसमध्ये दंड भरून सुटले होते, तसंच असेल समजून "हो" म्हणाले.

आमच्याकडे हायकोर्टाचा वकील लावायला पैसे नव्हते. तुरुंगात विधी सेवावाले येतात, त्यांच्याकडून अर्ज लिहून घेतला आणि तुरुंगाच्या साहेबांकडेच अपील दिलं. तिथूनच ते हायकोर्टात जातं, आम्हाला कुठे जावं लागलं नाही. वकील फुकट मिळाला. तुरुंगात असलेल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आदिवासींना आणि बायांनाही. १५१०० वर फोन केला की जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता सांगतात.

आमच्या वकीलबाईंनी कबुलीवर जास्त भांडण केलं नाही. वय, पहिलाच मोठा गुन्हा, कोरडवाहू जमीन, आजारपण, हे सगळं कागदासहित मांडलं. सरकारी दवाखान्याचे कागद, सरपंचाचा दाखला, सातबारा. कोर्टाने शिक्षा भोगलेल्या मुदतीवर आणली. पण वेळ लागला. तोपर्यंत घरची सगळी कामं माझ्यावर आणि नणंदेवर होती.

तुमच्या मायची काळजी घ्या. अशा वेळी माणूस जेवण सोडतो.

---

रस्त्यावरचा_माणूस

खंडपीठाजवळ माझ्या ओळखीचा माणूस आहे, एका महिन्यात शिक्षा रद्द करून देतो. खर्च फोनवर सांगतो.

---

ॲडव्होकेट_गिरणाकाठ

ताई, असल्या माणसांना एक रुपया देऊ नका. कुणीही "करून देतो" म्हटलं की तिथून उठायचं. असंच एक आश्वासन ऐकून भाऊ पाच वर्षांसाठी आत गेलाय.

अक्राणीच्या ताईंनी सांगितलेलं सोनं आहे. शिक्षेच्या मुद्द्यावर कागदच बोलतात. तुम्ही आतापासून गोळा करायला लागा: आधी कोणताही गुन्हा नाही याचा दाखला, मायचं वय आणि आजार, जमीन किती, भावाचं ड्रायव्हिंग लायसन्स, ज्यांची केळी तो वाहायचा त्या शेतकऱ्यांचं म्हणणं. गाडीमालकाचं पत्र घेऊ नका. त्याचं हित वेगळं होतं.

आणि एक गैरसमज आत्ताच दूर करतो. चांगलं वागलं की तुरुंगात माफी, म्हणजे शिक्षेच्या दिवसांत सूट, मिळते, असं भावाला कुणी सांगितलं असेल. एनडीपीएसच्या कलम ३२अ मुळे या शिक्षांना माफी नाही. त्याच कलमात शिक्षेला स्थगिती द्यायचीही बंदी होती. तेवढा भाग सुप्रीम कोर्टाने २००० मध्ये दादू ऊर्फ तुळशीदास विरुद्ध महाराष्ट्र या निकालात रद्द केला. म्हणून अपील दाखल करताना सोबतच शिक्षा स्थगित करून जामिनावर सोडण्याचा अर्ज करता येईल. आणि माल वीस किलोच्या आत असल्याने कलम ३७ च्या जामिनाच्या कडक अटी इथे आड येत नाहीत. हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे, तो वकिलाला विसरू देऊ नका.

दंडाचंही बघा. पाच-पाच वर्षं एकत्र भोगायची असली तरी दंड न भरल्याबद्दलची कैद एकत्र धरली जात नाही. २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलंय. म्हणजे दंड भरला नाही तर सहा अधिक सहा, असं एक वर्ष वर. पन्नास हजार तुमच्यासाठी मोठी रक्कम आहे हे कळतं. दंड आणि तो न भरल्यास लागणारी कैद, दोन्ही कमी करण्याची मागणी अपिलात स्वतंत्रपणे लिहायला सांगा.

---

अनेरकाठची

सगळ्यांचे आभार. काकांनी सांगितलं तसा सोमवारी अर्ज दिला. नकला मिळाल्या आणि मी रात्री बसून वाचल्या. जे दिसलं ते लिहिते.

रोजनाम्यात त्या तारखेला असं आहे: आरोपी क्रमांक एक तुरुंगातून हजर. दोन आणि तीन हजर, त्यांचे वकील हजर. आरोपी क्रमांक एकचे वकील गैरहजर. पुढे, दोषारोप निशाणी ९ वर ठेवला, वाचून समजावून सांगितला. आरोपी एकने गुन्हा कबूल केला, जबाब निशाणी १०. दोन आणि तीनने नाकारला. मग शिक्षेबाबत ऐकलं. मग निकाल.

वकील गैरहजर हे मी तीनदा वाचलं. भावाला वाटत होतं वकील मागे बसलेले असतील.

निशाणी १० एकच पान आहे, प्रश्न आधीच छापलेले. दोषारोप समजला का? होय. गुन्हा कबूल आहे का? होय. खाली शिक्षेबद्दल काय म्हणणं आहे, तिथे हाताने लिहिलंय, "दया करावी. घरी आई एकटी आहे. मला सोडून द्यावे." खाली त्याची सही. किती वर्षं होऊ शकतात हे विचारल्याचं कुठे नाही.

वॉरंटावर आधीची मुदत वजा धरल्याचं लिहिलेलं आहे, ते तुरुंगातून कळलं.

मुदतीचे थोडेच दिवस उरलेत. वकील साहेब, यात काही आहे का?

---

ॲडव्होकेट_गिरणाकाठ

आहे. मी आधी लिहिलं त्यापेक्षा आता जास्त आहे.

सत्र न्यायालयात आरोपीच्या बाजूने वकील नसेल आणि त्याची ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील द्यायचा, असं कलम ३०४ सांगतं. त्याचा वकील त्या दिवशी आलाच नाही. दहा वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात, दोषारोप ठेवताना, कबुली घेताना आणि शिक्षेवर ऐकताना तो माणूस एकटा उभा होता. शिवाय जो "मला सोडून द्यावे" म्हणतो त्याला पाच वर्षं लागू शकतात हे माहीत नव्हतं, हे त्याच्याच सहीच्या कागदावरून दिसतं. हे हाताने लिहिलेलं वाक्य अपिलात शब्दशः उतरवायला सांगा. तुमच्या सांगण्यापेक्षा त्याचं वजन जास्त आहे, कारण ते त्याच दिवशी, कोर्टाच्याच कागदावर लिहिलं गेलंय.

अपिलात दोन्ही मागण्या करायच्या. पहिली, ही कबुली कायद्याने कबुलीच नाही म्हणून दोषसिद्धी रद्द करून खटला पुन्हा चालवावा. ती मान्य नसेल तर दुसरी, शिक्षा आणि दंड कमी करावा. कलम ३७५ चा अडथळा येऊ नये म्हणून काही वकील पहिल्या मागणीसाठी वेगळा अर्जही करतात. ते तुमच्या वकिलावर सोडा.

पण इथे थांबून एक गोष्ट नीट वाचा, कारण हे तुम्हाला दुसरं कुणी सांगणार नाही. पहिली मागणी मान्य झाली तर भाऊ सुटत नाही. तो पुन्हा आरोपी होतो आणि खटला उभा राहतो. गाडीत माल सापडला की आरोपीला माहिती होतीच असं कायदा गृहीत धरतो, एनडीपीएसचं कलम ३५ आणि ५४. माहिती नव्हती हे सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर येतं. आणि जास्त भाडं घेतलं, पोत्यांत काय ते विचारलं नाही, ही जी गोष्ट तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलीत, तीच सरकारी वकील त्याच्याविरुद्ध वापरतील. हरला तर शिक्षा पाचच्या वर, दहापर्यंत जाऊ शकते. दुसऱ्या बाजूला, खटल्यात त्यालाही पुष्कळ मिळू शकतं. झडती कशी घेतली, नमुने मॅजिस्ट्रेटसमोर कलम ५२अ प्रमाणे काढले का, वजनात नुसती पानं आणि काड्या किती होत्या. कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे आणि फळांचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया त्यात मोजत नाहीत. यातलं काही आजवर कुणी तपासलेलंच नाही.

फक्त शिक्षा कमी मागितली तर धोका बराच कमी. त्याच्या स्वतःच्या अपिलात हायकोर्ट शिक्षा वाढवत नाही. वाढवायची असेल तर वेगळी नोटीस द्यावी लागते, त्याला बाजू मांडू द्यावी लागते.

म्हणून दोन्ही मागण्या करायच्या की एकच, हे तुम्ही ठरवू नका, मीही ठरवणार नाही. मुलाखतीला जा आणि भावाला हे सगळं समजावून सांगा. अहिराणीत सांगा. पाच, दहा, सव्वा, सगळे आकडे सांगा. मग त्याला एक रात्र द्या. त्याने "तू म्हनशी ते" असं म्हटलं तर ते उत्तर घेऊ नका, पुन्हा विचारा.

आणि त्याला हेही सांगून ठेवा की बाकी दोघांच्या खटल्यात सरकार त्याला साक्षीदार म्हणून बोलावू शकतं, कारण त्याचा निकाल लागलाय. आतमध्ये त्यावरून कुणी दबाव आणत असेल तर लपवू नकोस, म्हणावं. तुरुंग अधीक्षकांना आणि विधी सेवेच्या वकिलाला लेखी कळवायचं.

---

जुना_शिरस्तेदार

मी एवढं जोडतो. मुदत जवळ आली असेल आणि मुलाखतीची तारीख लांब असेल तर भावाने तुरुंगातूनच साधा अपिलाचा अर्ज द्यावा, दोन्ही मागण्या लिहून. अधीक्षकांकडे दिला की तो त्या दिवशी दाखल धरतात. नंतर वकील नेमून मुद्दे वाढवता येतात, नको ती मागणी सोडताही येते.

---

अनेरकाठची

काल भेट झाली. काचेपलीकडे फोनवर बोलायचं असतं, वेळ कमी, तरी मी आकडे कागदावर लिहून नेले होते, ते काचेला लावून दाखवले. दहा वर्षांचं ऐकून तो गप्प झाला. मग म्हणाला, "आक्का, तेव्हा हे कोन्ही सांगं नही." मी उत्तर घेतलं नाही. आज त्याने तुरुंगातल्या विधी सेवेच्या माणसाजवळ निरोप दिला, दोन्ही मागण्या कर म्हणून, आणि तुरुंगातून अर्ज दिलाय. पोच मिळाली का ते उद्या विचारते.

विधी सेवेच्या कार्यालयातून कळलं की खंडपीठाच्या उपसमितीकडून वकील मिळेल. सातबारा आणि मायच्या दवाखान्याचे कागद गोळा केलेत. ज्यांची केळी तो न्यायचा त्यातल्या तिघांनी लिहून दिलंय, एकाने नाही दिलं, त्याला भीती वाटते.

एक विचारायचं राहिलं. वकीलपत्रावर भावाची सही लागेल, त्यासाठी वकिलाला तुरुंगात जावं लागतं का? आणि मला चाळीसगाव-कन्नड घाटातून संभाजीनगरला तारखेला जावं लागेल का?

---

ॲडव्होकेट_गिरणाकाठ

वकीलपत्र तुरुंगात पाठवलं की अधिकाऱ्यासमोर सही होते आणि तेच साक्षांकित करून परत देतात. वकिलाने जायलाच हवं असं नाही. तुम्हाला तारखेला यायची गरज नाही. पण वकील मिळाल्यावर एकदा जाऊन समोरासमोर बोला आणि निशाणी १० ची नक्कल स्वतःच्या हाताने त्यांच्या पुढ्यात ठेवा. शिक्षा स्थगितीच्या अर्जाचं त्याच दिवशी विचारा.